एकोणीस हजार सहाशेवरचा तांबडा काटा

आधी काचेवरचं ते बोट काढा.

मी उंचीमापक बोलतोय. मी घड्याळ नाही, होकायंत्र नाही, आणि बंद पडलेला तर मुळीच नाही. नंदाखाल गावातल्या या ओटीवर जो पाहुणा येतो तो खुंटीवर मला बघतो, काचेवर टिचकी मारतो आणि विचारतो, "किती वाजले यात?" चार वर्षं मी हा प्रश्न ऐकतोय. अजून सवय झालेली नाही.

माझी रचना सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज जाईल. जाणार नाही, पण मी माझं काम करतो. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक बंद डबी आहे, तिच्यातली हवा काढून टाकलेली आहे. बाहेरच्या हवेने दाबलं की ती चेपते, दाब कमी झाला की फुगते. डोंगर चढत जावं तसा हवेचा दाब उतरतो, डबी फुगते आणि माझा काळा काटा फूट दाखवत पुढे सरकतो. माझ्या पोटातली पोकळी मोजूनमापून केलेली आहे. माणसांच्या डोक्यातली तशी नसते.

काळ्या काट्याखेरीज माझ्याकडे एक बारीक तांबडा काटा आहे. तो आपण होऊन फिरत नाही. काचेच्या मध्यावरचं बटण फिरवून तो हाताने लावायचा असतो, आपण कुठवर पोचलो याची खूण म्हणून. माझ्या सगळ्या यंत्रात माणसाच्या प्रामाणिकपणावर सोडलेली गोष्ट ही एवढीच. बनवणाऱ्याची ती एकच चूक.

माझा जन्म लंडनचा. वीस हजारांच्याही वरचे आकडे तोंडावर घेऊन मी बोटीतून हिंदुस्थानात आलो, तेव्हा वाटलं होतं, आता हिमालय! मिळाला कोण, तर रेल्वेतला एक गोरा इंजिनियर. त्याने मला माथेरानपर्यंत नेलं, तेही छोट्या गाडीत बसून. दोन हजार सहाशे फूट झाल्यावर तो पाहुण्यांना गोळा करून मला दाखवायचा आणि स्वतःच दमल्यासारखा धापा टाकायचा. सत्तेचाळीस साली तो मायदेशी गेला आणि मी त्याच्या बशा-काट्यांबरोबर चोरबाजारात. तिथे आठ वर्षं एका फुटक्या ग्रामोफोनच्या शेजारी काढली. येणारेजाणारे टिचक्या मारायचे.

पंचावन्न साली मला पास्कल डाबरेने उचललं. आगाशीच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा. सडपातळ, चष्मेवाला, बोलायला भिडस्त. त्याने मात्र टिचकी मारली नाही. मला तळहातावर आडवं धरलं, थोडा वेळ थांबला आणि मग आकडा वाचला. मला वाचायची रीत तीच आहे. मी जरा चकित झालो. पण तो मला घेऊन गेला कुठे, तर नंदाखालला! माडांची आणि केळीची वाडी, रहाटाची विहीर, हाकेच्या अंतरावर समुद्र. उंची, दहा फूट. हत्तीला माळ्यावर ठेवावं तसं मला वाटलं.

घरात तिघं. पास्कल, त्याची आई इनेझबाय आणि बाप ऑगस्टीन. ऑगस्टीन म्हणजे सहा फुटी धिप्पाड माणूस. साठीतही माडावर सरसर चढायचा, आणि वाडीतल्या राजेळी केळ्यांची त्याची सुकेळी पंचक्रोशीत नावाजलेली. पिकलेली केळी सोलून चटईवर आठेक दिवस उन्हात वाळवायची, रोज हाताने उलटायची, मग केळीच्या सुक्या पानात बांधायची. काम नाजूक. माणूस मात्र आडदांड, आणि तोंड त्याहून. माझ्या काचेवर पहिली टिचकी त्यानेच मारली, सुकेळ्याच्या चिकट बोटाने. तो डाग दोन दिवस राहिला.

पास्कल दिवसातून चारदा मला वाचून वहीत आकडा लिहायचा. महिनाभरात त्याच्या लक्षात आलं की सकाळी दहाला माझा काटा खाली असतो आणि दुपारी चारला ऐंशी फूट वर. हवेचा दाब रोज ठरल्या वेळी असा चढतो-उतरतो. मला ते जन्मापासून ठाऊक होतं. जेवताना त्याने घरात सांगितलं, "बाबा, रोज चार वाजता आपलं घर ऐंशी फूट वर चढतं."

ऑगस्टीन इतका हसला की ठसका लागला. "बाय, पोराला ताकाचं पानी पाज! शिकून शिकून डोकं तापलंय."

त्याच वर्षी नोव्हेंबरात एका दुपारी माझा काटा दोनशे तीस फूट चढला. आभाळ निळंशार. पास्कल धावत वाडीत गेला. "बाबा, चटया उचला. रोजचे ऐंशी, पण वरचे दीडशे कशाचे? दाब पडलाय. वादळ येतंय."

"ऊन बघ किती पडलंय! दुकानातल्या डबीला विचारून आमी सुकेळी घालायची काय?"

संध्याकाळी वारा सुटला आणि पाऊस कोसळला. आठ दिवसांची सुकेळी चटयांवरच लिबलिबीत झाली. दुसऱ्या दिवशी ऑगस्टीन गावाला सांगत होता, "मला सकाळीच कळलेलं. मुंग्या अंडी घेऊन चाललेल्या ना!" चटया का उचलल्या नाहीत, हे त्याला कुणी विचारलं नाही. गावात सगळे त्याच्याच जातकुळीचे.

पास्कलला हिमालयाचं वेड होतं. एव्हरेस्ट सर झाल्यापासून देशातल्या प्रत्येक आळशी माणसाला आपणही वर जाऊ शकतो असं वाटू लागलं होतं. पास्कल निदान आळशी नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो पाठीवरच्या टोपलीत दगड भरून जीवदानीचा डोंगर चढायचा, वर नाडी मोजायचा, आणि तेच दगड खाली आणायचा. दर आठवड्याला एक दगड जास्त. छातीला आणि पायांना ओझ्याची सवय हळूहळूच लागते, हे त्यामागचं शास्त्र. गावाला दिसायचं ते एवढंच, की मास्तर दगड वर नेतो आणि परत आणतो.

छप्पन साली तो दार्जिलिंगच्या गिर्यारोहणाच्या शाळेत दीड महिना शिकायला निघाला.

"माडावर चढायला कोन शालेत गेलता?" ऑगस्टीन म्हणाला. "छाती पायजे, छाती!"

छाती! अठरा हजार फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो. तिथे फुगवलेली छाती आणि फुटका भाता सारखाच. पण हे सांगायचं कुणाला? गाढवाला गुळाची चव काय!

पास्कलही काही कमी गाढव नव्हता. पहिल्या मोठ्या चढाईला तो सगळ्यांच्या पुढे तरातरा चालला आणि तेरा हजारांवर बसून ओकला. नवांग नावाच्या शेर्पा शिक्षकाने त्याला गरम पाणी पाजलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, "मास्टरजी, यहाँ धीरे चलनेवाला पहुँचता है." मग तो शिकला. तहान नसली तरी पाणी प्यायचं. दिवसा उंच चढायचं, झोपायला खाली यायचं. पातळ हवेत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला वेळ लागतो, त्यांना तो द्यायचा. दोराच्या गाठी डोळे मिटून मारायच्या. बर्फावर घसरलो तर हातातल्या बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीवर अंग टाकून स्वतःला अडवायचं, शंभरदा, दोनशेदा, हाताला विचार करावा लागू नये इतक्यांदा. मी पंधरा हजारांवर गेलो तेव्हा माझ्या पोटातली डबी पहिल्यांदा मोकळी झाली. इतक्या वर्षांनी मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा ऑगस्टीनने ओटीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं, "ऐकलंत? दिवसा चढायचं नि झोपायला खाली यायचं! माडावर चढून नारळ न पाडता उतरनारा माझा पोरगा!"

सत्तावन्नच्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या काही हौशी मंडळींची गढवालमधल्या एका शिखरावर मोहीम ठरली. उंची वीस हजार सातशे फूट, तोवर कुणी न चढलेलं. नेते होते गुर्जरसाहेब, एका मोठ्या कचेरीतले अधिकारी, मिशा भरघोस. पास्कलला घेतलं ते माझ्यासाठी आणि त्याच्या वहीसाठी. शेर्पांचा प्रमुख म्हणून नवांग आला.

गावात एकदम वारं फिरलं. कालपर्यंत दगडावरून हसणारे आता दगड आपणच सुचवले असं सांगू लागले. ऑगस्टीन तर घोडबंदरपर्यंत सांगून आला की नंदाखालचा पोरगा जगाच्या डोक्यावर उभा राहणार. बँडवाल्या मार्सेलने विजयाची एक खास चाल बसवायला घेतली. माणूस अजून घरात, आणि चाल त्याच्या विजयाची! निघताना इनेझबायने सुकेळीचे दोन पुडे आणि क्रूस घातलेली माळ दिली. ऑगस्टीन म्हणाला, "वर गेल्याबिगर तोंड दाखवू नको." हसत म्हणाला, पण हसण्यावारी म्हणाला नाही.

सुकेळीबद्दल एक सांगतो. सतरा हजारांवर भूक मरते, साहेबांचे डब्यातले मटणाचे तुकडे कुणाच्या घशाखाली उतरेनात. सुकेळी मात्र उतरली. हलकी, गोड, चटकन ताकद देणारी. नवांगने पूर्ण एक पुडा संपवला. ऑगस्टीनचं शास्त्र इथवर बरोबर होतं; पण त्याला ते शास्त्र आहे हे ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरात एका दुपारी बारा वाजता आम्ही तिसऱ्या तळावर पोचलो. एकोणीस हजार सहाशे. पास्कलने बटण फिरवून तांबडा काटा तिथे लावला. शिखर समोर दिसत होतं, अकराशे फूट वर, पांढरं स्वच्छ. उद्या सकाळी चढायचं.

चार वाजता पास्कलने मला पाहिलं. तंबू तिथेच, आम्ही तिथेच, आणि मी एकोणीस हजार नऊशे पन्नास दाखवत होतो.

"साहेब, दाब पडतोय," तो म्हणाला. "उद्या वर जाऊ नये. खाली उतरावं."

गुर्जरसाहेबांनी वर पाहिलं. आभाळात ढगाचं बोटसुद्धा नव्हतं. "अहो डाबरे, दुपारी काटा चढतोच, हे तुम्हीच आम्हांला शिकवलंत ना?"

"रोजचे ऐंशी, साहेब. हे साडेतीनशे आहेत."

"भीती वाटत असेल तर तसं सांगा. आकडे कशाला पुढे करता?"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. या साहेबाजवळ तर बैलही नव्हता. पण नवांगने माझ्याकडे पाहिलं, पास्कलकडे पाहिलं आणि दोर गुंडाळायला लागला. तो नसता तर साहेबांना बुटाची नाडीही बांधता आली नसती. शिव्या देत तेही उतरले. अंधार पडायच्या आत आम्ही पहिल्या तळावर होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरच्या कड्यांवर बर्फाचं असं तुफान उठलं की तीन दिवस शिखर दिसलं नाही. वर ठेवलेला तंबू कधीच सापडला नाही. नवांग, चार हमाल, साहेब, पास्कल, सगळे जिवंत.

हे शास्त्राचं काम. हे शिक्षणाचं काम. पण जिवंत परत येण्याला बँड वाजत नाही.

परतीच्या गाडीत गुर्जरसाहेबांच्या मिशा पुन्हा वर आल्या. "डाबरे, आपण वर जाऊन आलो असंच सांगू. धुक्यात कुणी पाहिलंय? तुमची वही आणि हा काटा, पुरावा म्हणून पुरे."

पास्कल माझी काच पुसत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर बाप होता, हे मला त्याच्या हाताच्या घामावरून कळत होतं. ओल्या हाताने काच पुसू नये, एवढंही त्याला त्या दिवशी सुचलं नाही. तो झोपला तेव्हा साहेबांनी मला त्याच्या पिशवीतून काढलं, बटण फिरवलं आणि तांबडा काटा वीस हजार सातशेवर नेला. मी लंडनचा, पितळेचा, जाडजूड काचेचा. पण मला ओरडता येत नाही.

नंदाखालला देवळासमोर, म्हणजे चर्चसमोर, मांडव घातला होता. केळीचे खांब, कागदी फुलं, 'शिखरवीर पास्कल' अशी पाटी. मार्सेलची चाल वाजली. ऑगस्टीन नव्या कोटात, कोट खांद्यांत तंग. गुर्जरसाहेब प्रमुख पाहुणे. त्यांनी मला उंच धरून सांगितलं, "हा काटा साक्षी आहे! वीस हजार सातशे फूट!" टाळ्यांनी मांडव दणाणला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात नीच क्षण तो.

पुढे साहेब बोलले ते आणखी भयंकर. "शेवटचा अकराशे फुटांचा चढ अगदी सोपा आहे. पुण्याच्या कॉलेजची मंडळी येत्या उन्हाळ्यात त्याच वाटेने जाणार आहेत. मी त्यांना तसं लिहून देतोय."

तेवढ्यावर पास्कल उठला. त्याने साहेबांच्या हातातून मला घेतलं, तांबड्या काट्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या देखत बटण मागे फिरवलं. एकोणीस हजार सहाशे.

"आम्ही इथवर गेलो," तो म्हणाला. "त्या दिवशी काटा आणखी साडेतीनशे फूट दाखवत होता, पण ते डोंगराचे नव्हते, वादळाचे होते, म्हणून ते मी धरत नाही. वरचे अकराशे फूट आमच्यापैकी कुणीच पाहिलेले नाहीत. तिथे खाली पोकळ असलेला बर्फ असेल, भेग असेल, मला माहीत नाही. न पाहिलेल्या वाटेला सोपी म्हटलं, तर उद्या दुसऱ्याचा मुलगा तिच्यावर पाय ठेवील. पुण्याला मी आजच पत्र लिहितो."

मार्सेलचा हात झांजेवर तसाच राहिला. गुर्जरसाहेब घड्याळात बघून निघून गेले, खऱ्या घड्याळात. मागून कुणीतरी म्हणालं, "माडावर चढून नारळ न पाडता उतरला!" आणि सगळा मांडव हसला. स्वतःचंच वाक्य ऐकून ऑगस्टीनची मान खाली गेली. तो उठला, कोट काढून हातावर टाकला आणि घरी चालता झाला.

त्या दिवसापासून बाप मुलाशी बोलला नाही. जेवणाला बसायचे एकत्र, पण "मीठ दे" हे सुद्धा इनेझबायच्या मार्फत. एकदा ती चिडली. "जित्ता पोर घरी आला, ते तुमाला नको झालं काय?" ऑगस्टीनने ताट सरकवलं. पास्कलने मला खुंटीला अडकवलं आणि वही मिटली. शाळेत जाताना तो देवळासमोरून न जाता शेताच्या बांधावरून जाऊ लागला. मला राग आला, आणि सांगायला लाज वाटते, वाईटही वाटलं.

मार्चात पुण्याच्या मंडळींचं पत्र आलं. 'आपण खरं कळवलंत म्हणून आम्ही त्या चढाचा नाद सोडला, डोंगराच्या लांबच्या धारेने जाणार आहोत. आपले आभार.' गावाने काय म्हणावं? "म्हंजे मास्तरने दुसऱ्यांनापन घाबरवलं!" उचलली जीभ लावली टाळ्याला.

एप्रिलातली एक दुपार. पास्कल ओटीवर मुलांचे पेपर तपासत होता. वाडीत चटयांवर सुकेळी पसरलेली, सातवा दिवस. आभाळ निळंशार. चार वाजले आणि ऑगस्टीन ओटीवर आला, हात चिकट. मी काच आवळली. त्याचं बोट उठलं, टिचकीसाठी वाकलं, आणि तसंच थांबलं. त्याने बोट धोतराला पुसलं. मला खुंटीवरून काढून तळहातावर आडवं धरलं आणि थोडा वेळ वाट पाहिली. ही रीत तो कधी शिकला? मुलगा मला वाचायचा तेव्हा हा म्हातारा लपूनछपून बघत होता तर!

"दोनशे दहा," तो स्वतःशी पुटपुटला. "ऐंशी रोजचे. मग हे वरचे एकशेतीस..."

आणि पाच महिन्यांनी त्याच्या तोंडून मुलाचं नाव निघालं. "पास्कू! अरे पास्कू, चटया उचल! वादळ येतंय!"

पेपर उडाले. दोघं धावले. एक टोक बापाच्या हातात, एक मुलाच्या, अशा सगळ्या चटया घरात आल्या. तास-दीड तासाने पाऊस आला तेव्हा ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे कोरडी सुकेळी आणि मध्ये ती दोघं, धापा टाकत. ऑगस्टीनने एक सुकेळं उचलून मुलाच्या हातावर ठेवलं. "तुझा तो शेर्पा... त्याला एक पुडा धाडू," म्हणाला.

आता एकोणसाठ साल आहे. पास्कल पुन्हा वहीत आकडे लिहितो. मी खुंटीवर आहे, उंची दहा फूट. टिचक्यांनी काचेला तडा गेलाय, तांबडा काटा एकोणीस हजार सहाशेवर आहे. छाती फुगवणारे, टिचकी मारणारे, न चढता चढल्याचं सांगणारे, न बघता हसणारे, या सगळ्यांची मला अजूनही तितकीच किळस आहे. त्या यादीतून ऑगस्टीनचं नाव मी अर्धं खोडलंय. अर्धंच; कारण मुंग्यांची गोष्ट तो अजून सांगतो.

तुम्हांला विनवतो, आणि विनवणं माझ्या स्वभावात नाही: टिचकी मारायचीच असेल तर मारा. तेवढं त्या बटणाला हात लावू नका. पोराने भर मांडवात बापासमोर तो काटा मागे आणलाय.